डाग कागदाचा की माणसाचा?

घरातले माणूस गेले की दहाव्या-तेराव्याच्या आत एक काम हमखास निघते : फोटो शोधणे. हार घालायला फोटो हवा असतो आणि नेमका चांगला फोटो सापडत नाही. पूर्वी लग्नाच्या ग्रुप फोटोतला चेहरा स्टुडिओत नेऊन मोठा करून घेत. आता नातू मोबाइलवर एखादे ॲप उघडतो, पिवळा पडलेला, चिरा गेलेला फोटो त्यात टाकतो आणि अर्ध्या मिनिटात आजोबा लख्ख होऊन समोर येतात. चिरा गेल्या, डाग गेले, डोळ्यांत चमक आली, फेट्याला रंगही चढला. घरच्या ग्रुपवर सगळे हात जोडतात. मग एखादी वयस्क आत्या चष्मा वर-खाली करत फोटो न्याहाळते आणि म्हणते, "चांगला आलाय. पण हा आमचा दादा वाटत नाही."

आत्याचे म्हणणे आपण तिच्या वयावर किंवा मोतीबिंदूवर ढकलतो. पण पुष्कळदा आत्याच बरोबर असते. संगणकाने फोटो दुरुस्त करणे ही चांगलीच सोय आहे. अडचण एवढीच, की फोटोत दिसणारा डाग कागदाला पडलेला आहे की माणसाच्या अंगावरचा आहे, हे त्या ॲपला कळत नाही. ते आपल्यालाच सांगावे लागते. हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही, त्यात आरोग्याचा आणि आठवणींचाही भाग आहे.

फोटोला काय होते?

जुना कृष्णधवल फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्यात अडकलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. जिलेटिन हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात. म्हणजे ते प्रथिन आहे, आणि प्रथिन हे बुरशीचे अन्न आहे. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की बुरशी धरते. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असला तरी पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगलेली चौकट आणि लोखंडी ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला अल्बम यांना ती संधी मिळतेच. कसर आणि वाळवीही त्याच वाटेने येतात.

चांदीच्या कणांवर हवेतल्या वायूंचा परिणाम होतो. फोटो पिवळसर पडतो आणि काळ्या भागावर, विशेषतः कडेला, आरशासारखी चकाकी येते. रंगीत फोटोत चांदी उरत नाही, रंगद्रव्ये असतात. १९७०-८० च्या दशकांतले पुष्कळ रंगीत फोटो बंद अल्बममध्येही तांबूस झाले, कारण त्या काळच्या कागदातले निळसर रंगद्रव्य अंधारातही उडत जाते. यात आपल्या रीतीभातींची भर पडते. काचेवर लावलेले गंध-कुंकू आत झिरपते, ओल्या हाराचे पाणी चौकटीत उतरते, उदबत्तीचा धूर बसतो आणि दमटपणामुळे जिलेटिन काचेलाच चिकटते.

हे सगळे कागदाचे आजार. त्यांची ओळख सोपी आहे. कागदाला गेलेली चीर नाक, गाल, खांदा, मागचा पडदा असे काही पाहत नाही, ती सरळ सगळ्यांतून जाते. बुरशीचा ठिपका चेहऱ्यावर असतो तसाच खुर्चीवरही असतो. जी खूण फक्त चेहऱ्यावर आहे आणि चेहऱ्याच्या ठेवणीला धरून आहे, तिच्याबद्दल मात्र थांबून विचार करावा.

दुरुस्ती दोन प्रकारची

पहिला प्रकार शेजारून उसने घेण्याचा. फोटोशॉप हे सॉफ्टवेअर १९९० मध्ये आले आणि २००२ च्या आवृत्तीत त्याला 'हीलिंग ब्रश' नावाचे साधन मिळाले. गालावरून चीर गेली असेल तर चिरेच्या दोन्ही बाजूंच्या गालाचा पोत घेऊन मधली जागा भरायची. जखम भरताना दोन्ही कडांची त्वचा पुढे सरकते, तसेच हे. चीर बारीक असेल तर यात चूक होण्याला फारसा वाव नसतो.

दुसरा प्रकार गेल्या पाच-सहा वर्षांतला. चेहराच पुसट असेल, डोळ्याच्या जागी नुसती करडी सावली असेल, तर शेजारून घेण्यासारखे काही नसते. तिथे कृत्रिम बुद्धिमत्ता चेहरा तयार करते. 'जीएफपीगॅन' ही २०२१ मधली, खूप वापरली गेलेली प्रणाली ज्या संग्रहावर शिकली, त्यात फ्लिकर या संकेतस्थळावरून घेतलेले ७० हजार स्पष्ट चेहरे आहेत. डोळा साधारण कसा असतो, ओठ कसे असतात, हे ती त्यांतून शिकते आणि पुसट जागी तसा डोळा बसवते. तो डोळा सुंदर असतो, पण तो आजोबांचाच असेल याची काहीही हमी नसते.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी असेच एक साधन प्रसिद्ध केले. कोणीतरी त्यात बराक ओबामा यांचा मुद्दाम धूसर केलेला फोटो टाकला. साधनाने जो स्वच्छ चेहरा काढून दिला, तो एका गोऱ्या माणसाचा होता. ओबामांना जग ओळखते म्हणून चूक लगेच ध्यानात आली. आपल्या पणजीला ओळखणारे आता किती जण आहेत?

म्हणून साधा नियम : चीर, घडी, बुरशी, पिवळेपणा काढणे ही दुरुस्ती. नसलेला डोळा बसवणे हा अंदाज. अंदाज करायला हरकत नाही, पण त्याला अंदाजच म्हणावे.

देवीचे वण, गोंदण आणि काळे कुंकू

आता अंगावरच्या खुणांकडे येऊ. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. त्याआधीच्या पिढ्यांत देवीतून वाचलेल्या बहुतेकांच्या चेहऱ्यावर खोल वण राहत. देवीचा विषाणू त्वचेतल्या तेलग्रंथी नष्ट करी आणि या ग्रंथी चेहऱ्यावर सर्वांत दाट असतात, म्हणून वणही तिथेच जास्त. काहींच्या डोळ्यात फूल पडे आणि तो डोळा कायमचा जाई.

असा फोटो ॲपमध्ये टाकला की वण हे बुरशीच्या ठिपक्यांसारखेच दिसतात आणि पुसले जातात. फूल पडलेल्या डोळ्याच्या जागी चमकदार बुबुळ येते. ज्या माणसाने एका डोळ्याने आयुष्यभर माग चालवला, त्याला त्याच्या पणतवंडांच्या फोटोत दोन धड डोळे मिळतात. दिसायला छान, पण ज्या रोगाने त्याचा डोळा घेतला आणि ज्या लसीने पुढच्या पिढीचे डोळे वाचवले, ती सगळी हकिकत त्या फोटोतून गेलेली असते.

बायकांच्या फोटोंत गोंदण जाते. कपाळावरचे आणि हनुवटीवरचे हिरवे टिपके आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या बायकांच्या चेहऱ्याची ओळखच होते. यंत्राला ते धुळीचे कण वाटू शकतात. तीळ, चामखीळ, ओठाची जुनी शिवण, गळ्यावरचा गलगंड यांचेही असेच होते.

कुंकवाची गंमत वेगळी आहे. जुन्या काळच्या अनेक फोटोप्लेटा आणि फिल्मा तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. निळा रंग त्यांत पांढुरका उतरे आणि तांबडा काळा. म्हणून पणजीचे ठसठशीत कुंकू फोटोत काळे दिसते आणि तिचा वर्णही होता त्यापेक्षा सावळा दिसतो. रंग भरणारे ॲप ते कुंकू काळेच ठेवते, नाहीतर डाग समजून पुसते. सधवेचे कुंकू पुसले जाण्याचा अर्थ आपल्या घरात काय होतो, हे त्या यंत्राला कोण सांगणार!

मुळात करड्या छटेवरून रंग ओळखता येतच नाही. हिरवे लुगडे आणि तांबडे लुगडे कृष्णधवल फोटोत सारखेच करडे दिसू शकते. आपल्या गावचेच उदाहरण घ्या. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. भैया चौकातल्या त्यांच्या घरी आता स्मारक आहे. चीनमधले त्यांचे फोटो कृष्णधवल आहेत. त्यांच्या अंगावरच्या गणवेशाचा नेमका रंग कोणता, हे फोटो सांगत नाही. ते इतिहासाच्या नोंदींतून शोधावे लागते. शिवाय १९४६ च्या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी त्यांची भूमिका केली, त्यामुळे एका पिढीने पडद्यावर पाहिलेला कोटणीसांचा चेहरा शांतारामांचा होता. खरा चेहरा कसा होता, याचा पुरावा ते थोडे कृष्णधवल फोटोच आहेत. घरोघरीच्या जुन्या फोटोंचे महत्त्व त्या त्या घरापुरते तेवढेच आहे.

स्टुडिओतले कारागीरही पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून वण बुजवत, फोटोला हाताने रंग देत, हे खरे. पण ते विचारत : "बाईंची साडी कोणत्या रंगाची होती? गालावरचा तीळ ठेवायचा का?" ॲप विचारत नाही.

अल्बम हा तपासणीचा कागद

डॉक्टर आणि कॅमेरा यांचे नाते जुने आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत डॉ. नारायण दाजी होते. ते भाऊ दाजी लाड यांचे बंधू आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले वैद्य. आजही जुना फोटो निदानाला उपयोगी पडतो. नेत्रतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ तर थट्टेने त्याला 'फॅमिली अल्बम टोमोग्राफी' म्हणतात. सीटी स्कॅनसारखाच हाही एक स्कॅन, फक्त फुकटचा.

ॲक्रोमेगली या आजारात मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी वाढीचे संप्रेरक जास्त तयार करते. नाक, जबडा, हातपाय वर्षानुवर्षे हळूहळू मोठे होतात. रोज आरशात बघणाऱ्याला आणि घरच्यांनाही ते जाणवत नाही. दहा-पंधरा वर्षांचे फोटो ओळीने मांडले की बदल केव्हा सुरू झाला ते दिसते. काही मुलांची मान जन्मतः एका डोळ्याच्या स्नायूच्या अशक्तपणामुळे तिरकी राहते. तक्रार पन्नाशीत सुरू झाली, तरी शाळेच्या फोटोत मान तिरकी असेल तर आजार जुना आहे हे कळते.

काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीच्या एका बाई उजवी पापणी खाली आल्याची तक्रार घेऊन आल्या. कधीपासून, ते त्यांना नीट सांगता येईना. पापणी नव्याने खाली येणे ही गंभीर खूण असू शकते. मधुमेहापासून मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्यापर्यंत अनेक कारणे तिच्यामागे असतात. त्यांना लग्नातला फोटो आणायला सांगितले. मुलाने मोबाइलवर फोटो दाखवला. त्यात दोन्ही डोळे अगदी सारखे, टपोरे. म्हणजे पापणी नंतर उतरली, असेच कोणीही म्हणेल. पण फोटो फारच गुळगुळीत दिसत होता. विचारल्यावर मुलगा म्हणाला, "सर, जुना खराब झाला होता, म्हणून ॲपवर क्लीन करून घेतला." मूळ फोटो मागवला. त्यात चेहरा अंगठ्याएवढा. भिंग लावून पाहिले, तर लग्नाच्या दिवशीही उजवी पापणी तेवढीच खाली होती. जन्मापासूनचे व्यंग होते, वयाबरोबर जास्त जाणवू लागले होते. आवश्यक तपासण्या झाल्याच, पण घाई आणि घरच्यांची भीती दोन्ही गेले.

यंत्राने त्यात लबाडी केली नव्हती. त्याने पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांत दोन्ही डोळे सारखे होते, म्हणून इथेही सारखे केले. बाहुल्या, नाकाची रेघ, ओठांची ठेवण यांतला थोडासा विषमपणा हीच डॉक्टरच्या दृष्टीने माहिती असते, आणि यंत्राच्या दृष्टीने तो दोष.

इथेच तान्ह्या मुलांच्या फोटोंबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत डोळ्याची बाहुली तांबडी दिसते, ते नेहमीचे आहे. पण एका किंवा दोन्ही बाहुल्या पुन्हा पुन्हा पांढऱ्या दिसत असतील, तर ते दृष्टिपटलाच्या कर्करोगाचे, रेटिनोब्लास्टोमाचे लक्षण असू शकते. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका मुलाला हा आजार होतो आणि लवकर सापडला तर जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही वाचतो. ही खूण अनेकदा पहिल्यांदा आई-बापांना फोटोतच दिसते. फोटो सुंदर करणारी साधने ती पांढरी बाहुली काळी करू शकतात. म्हणून मुलांचे मूळ फोटो पुसून टाकू नका आणि बाहुली पांढरी दिसली तर थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा.

आठवण फोटोसारखी होते

आपल्याला वाटते, आठवण मनात पक्की असते आणि फोटो तिला फक्त जागे करतो. मानसशास्त्र वेगळे सांगते. न्यूझीलंड आणि कॅनडातल्या संशोधकांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २० जणांना त्यांच्या लहानपणीचे फोटो दाखवले. त्यांत एक खोटा होता : ते कधीच न बसलेल्या गरम हवेच्या फुग्यात बसलेले दाखवले होते. तीन भेटींनंतर निम्म्या लोकांना ती सफर थोडीफार किंवा पूर्ण 'आठवू' लागली.

भिंतीवर रोज दिसणारा चेहरा काही वर्षांत आपल्या मनातल्या चेहऱ्याची जागा घेऊ शकतो. ज्या नातवंडांनी आजोबांना पाहिलेच नाही, त्यांच्यासाठी तर तो फोटो हेच आजोबा.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसोबत जुने फोटो पाहत गप्पा मारण्याची पद्धत जगभर वापरली जाते. कोक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला. फायदा दिसतो, पण तो छोटा आणि सगळीकडे सारखा नाही. तरीही यात खर्च नाही आणि घरच्या माणसाचा सहवास आहे, म्हणून जरूर करावे. मात्र अशा वेळी साफ केलेला, पण चेहरा न बदललेला फोटो द्यावा. आईला तिचीच आई ओळखू आली नाही, तर ती बावरते. गेलेल्या माणसाचा फोटो हलता-हसता करणारी साधने २०२१ पासून आली आहेत. कोणाला त्यातून दिलासा मिळतो, कोणाच्या काळजात कळ उठते. ज्याचे दुःख ताजे आहे, त्याला विचारल्याशिवाय असा व्हिडिओ पाठवू नये.

घरच्या घरी काय करावे?

पहिले, स्वतःला जपा. बुरशी आलेला अल्बम उघडताना मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा. दम्याच्या रुग्णाने आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावे. नंतर हात साबणाने धुवा.

दुसरे, फोटो ओल्या फडक्याने पुसू नका, सेलोटेप लावू नका. सुकी धूळ मऊ ब्रशने हलकेच काढा. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

तिसरे, दुरुस्तीआधी स्कॅन. साध्या फोटोला ६०० डीपीआय, पासपोर्टएवढ्या लहान फोटोला १२००. स्कॅनर नसेल तर सावलीत, फ्लॅशशिवाय, मोबाइल फोटोला समांतर धरून टिपा. मागची बाजूही स्कॅन करा, कारण तारीख, स्टुडिओचा शिक्का आणि कोणाच्या तरी हातची अक्षरे तिथेच असतात. या मूळ प्रतीला कधीही हात लावू नका, दुरुस्ती तिच्या नकलेवर करा.

चौथे, ॲप उघडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. चेहऱ्यावर काय काय होते? देवीचे वण, तीळ, गोंदण, डोळ्यातले फूल, तुटलेला दात? लुगड्याचा रंग कोणता? हे लिहून काढा. दुरुस्त फोटो याच यादीवर पडताळा. स्टुडिओत देत असाल तर ही यादी सोबत द्या.

पाचवे, दुरुस्त फोटोच्या फाइलच्या नावात 'दुरुस्त' आणि रंग भरला असेल तर 'अंदाजे रंग' असे लिहा. डॉक्टरांना दाखवायचा असेल तेव्हा नेहमी मूळ फोटो न्या.

पुराचे वेगळे आहे. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीने आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीनाकाठच्या गावांनी जे सोसले, त्यात अल्बमही भिजले. पाण्यात जिलेटिन फुगते आणि एकमेकांना चिकटून वाळले की फोटो सुटत नाहीत. म्हणून भिजलेले फोटो वाळू देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून दोन दिवसांच्या आत हलकेच वेगळे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत सुती कापडावर वाळवा. तेवढी सवड नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर स्वयंसेवकांनी चिखलातले लाखो फोटो असेच धुऊन लोकांना परत केले.

शेवटी एक हिशेब सांगतो. देवीचा रोग देशातून १९७५ मध्ये गेला, म्हणजे चेहऱ्यावर देवीचे वण असलेला आपल्याकडचा सर्वांत तरुण माणूसही आज पन्नाशीपुढे आहे. गोंदण असलेल्या आज्या त्याहून मोठ्या. फोटोतली कोणती खूण कागदाची आणि कोणती माणसाची, हे खात्रीने सांगणारे एवढेच लोक उरले आहेत. येत्या रविवारी अल्बम त्यांच्यापुढे ठेवा आणि ते सांगतील ते फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा. फोटोची दुरुस्ती पुढच्या वर्षीही होईल.